बंद पडलेल्या फोर्टिगेटच्या जागी नवा बॉक्स: कॉन्फिग कमांड लाइनवरून परत कशी चढवायची

मे महिन्याच्या अखेरीस वळीव कोसळू लागला की माझा फोन वाजतो. जवळपास कुठेतरी वीज पडते, इंटरनेटची तांब्याची तार ज्या पोर्टात असते तो पोर्ट जळतो आणि कधीकधी त्याच्याबरोबर अख्खी फायरवॉल (कार्यालय आणि इंटरनेट यांच्यामध्ये बसणारा राखणदार बॉक्स) जाते. दोन वर्षांपूर्वी एका पतसंस्थेच्या मुख्य शाखेत असंच झालं. बदली बॉक्स दुसऱ्या दिवशी सकाळी पोचला, बॅकअपची फाइल (बॉक्सच्या सगळ्या सेटिंगची, म्हणजे कॉन्फिगची, प्रत) हाताशी होती, तरी व्यवहार सुरू व्हायला संध्याकाळ झाली. फाइल चढवायला पाच मिनिटंसुद्धा लागली नव्हती. नव्या बॉक्समधलं फर्मवेअर (बॉक्स चालवणारी आतली प्रणाली) वेगळं आहे हे उशिरा कळलं, आणि फाइल चढल्यावर लागू झालेला जुना ॲडमिन पासवर्ड कोणालाच आठवत नव्हता. दिवस गेला तो या दोन गोष्टींत.

खालचं सगळं फोर्टिनेटच्या फोर्टिगेट फायरवॉलबद्दल आहे, कारण माझ्या कामात हाच बॉक्स सगळ्यात जास्त भेटतो. उदाहरणात मी ६०एफ हे छोट्या कार्यालयातलं मॉडेल धरलं आहे. वेब पानावरूनही कॉन्फिग परत चढवता येते, पण त्यासाठी बॉक्सचा पत्ता माहीत हवा आणि तिथपर्यंत पोचता यायला हवं. कन्सोल केबलला (लॅपटॉप थेट बॉक्सच्या कन्सोल पोर्टाला जोडणाऱ्या तारेला) यातलं काहीच लागत नाही. शिवाय बॉक्स रीबूट होताना तो काय म्हणतो हे फक्त कन्सोलवरच दिसतं.

आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन छोट्या अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाका. स्पेलिंगची शंका आली तर पहिली दोन-तीन अक्षरं टाकून टॅब दाबा, बॉक्स शब्द पुरा करतो. कुठेही प्रश्नचिन्ह टाकलं की पुढे काय चालेल याची यादी पडद्यावर येते.

आधी फाइल वाचा

बॅकअपची फाइल म्हणजे साधा मजकूर असतो. नोटपॅडमध्ये उघडा आणि पहिली ओळ बघा. ती अशी सुरू होते:

#कॉन्फिग-व्हर्जन=एफजीटी६०एफ-७.२.८-एफडब्ल्यू-बिल्ड…

म्हणजे ही फाइल ६०एफ मॉडेलची, ७.२.८ आवृत्तीवर घेतलेली. त्यापुढे बिल्डचा क्रमांक येतो आणि व्हीडॉम (एकाच बॉक्सचे आतले वेगळे आभासी भाग) चालू होते की नाही तेही त्याच ओळीत लिहिलेलं असतं. ही ओळ कागदावर उतरवून घ्या, पुढे सगळं तिच्याशी जुळवायचं आहे.

पहिल्या ओळीत #एफजीबीके अशी अक्षरं दिसली आणि पुढे नुसता गिचमिडा असेल, तर फाइल पासवर्ड घालून कुलूपबंद केलेली आहे. तो पासवर्ड नसेल तर ती फाइल गेली असं समजा आणि दुसरी, जुनी का असेना, पण उघडणारी फाइल शोधायला लागा. उघडण्याचा आडमार्ग नाही.

नव्या आवृत्त्यांमध्ये बॅकअप घेताना पासवर्ड झाकण्याची सोय आहे. मदतीसाठी फाइल बाहेर कोणाला पाठवायची असते तेव्हा ती चांगली. पण तशी फाइल परत चढवायला निरुपयोगी, कारण व्हीपीएनच्या (शाखांना इंटरनेटवरून जोडणाऱ्या गुप्त वाटांच्या) किल्ल्या आणि वापरकर्त्यांचे पासवर्ड त्यातून पुसलेले असतात. पासवर्डांच्या जागी ‘ईएनसी’ आणि पुढे लांबलचक अक्षरं असतील तर फाइल ठीक. तिथे सगळीकडे एकच शब्द पुन्हापुन्हा दिसला तर ती झाकलेली प्रत आहे.

मग फाइलमध्ये हे शोधा:

सेट प्रायव्हेट-डेटा-एन्क्रिप्शन एनेबल

ही ओळ सापडली तर जुन्या बॉक्सवर कोणीतरी स्वतःची ३२ हेक्साडेसिमल अंकांची किल्ली घातली होती. नव्या बॉक्सवर तीच किल्ली आधी घातल्याशिवाय फाइलमधले पासवर्ड उलगडणार नाहीत. किल्ली कुठे लिहून ठेवली आहे हे बॉक्सच्या समोर बसण्याआधी शोधा.

शेवटी चार गोष्टी कागदावर घ्या: प्रत्येक इंटरफेसचा (पोर्टाचा) आयपी पत्ता, त्या इंटरफेसवर ‘अलाउॲक्सेस’मध्ये (बॉक्समध्ये शिरण्याच्या परवानगीच्या यादीत) काय काय चालू आहे, वेब पानाचा पोर्ट क्रमांक बदलला आहे का (‘ॲडमिन-स्पोर्ट’ शोधा), आणि ॲडमिन खात्यांवर ‘ट्रस्टहोस्ट’ लावले आहेत का. कॉन्फिग चढली की बॉक्स नवा राहत नाही, जुना होतो. पत्ता जुना, पासवर्ड जुना, आत यायला परवानगीही ठरलेल्या जुन्या संगणकांनाच. आपला लॅपटॉप त्या ट्रस्टहोस्टच्या यादीत नसेल तर पासवर्ड बरोबर असूनही नेटवर्कवरून दार उघडत नाही, आणि माणूस तासभर पासवर्डच चुकतोय असं समजून बसतो.

कन्सोल आणि फर्मवेअर

कन्सोल केबल लावा. गती ९६००, डेटा बिट ८, पॅरिटी नाही, स्टॉप बिट १, फ्लो कंट्रोल बंद. विंडोजवर पुटी चालतं, लिनक्सवर स्क्रीन. फ्लो कंट्रोल चुकून चालू राहिलं तर पडद्यावर अक्षरं दिसतात पण आपलं टाइप केलेलं काहीच उमटत नाही. असं झालं की केबल बदलण्याआधी तेवढं तपासा.

नव्या बॉक्सवर वापरकर्ता ‘ॲडमिन’ आणि पासवर्ड रिकामा. आत जाताच तो नवा पासवर्ड ठेवायला लावतो. काहीही ठेवा, तो थोड्याच वेळापुरता आहे. मग:

गेट सिस्टम स्टेटस

इथे आवृत्ती आणि सीरियल क्रमांक दिसतो. ही आवृत्ती आणि कागदावर लिहिलेली आवृत्ती एकच हवी. बदली बॉक्स कोणत्या फर्मवेअरवर येईल याचा भरवसा नसतो, म्हणून ही पायरी कधीही वगळू नका.

जुनी फाइल नव्या आवृत्तीवर चढवली तर काय बिघडतं, असं मला नेहमी विचारतात. बऱ्याचदा फाइल चढतेही. पण नव्या आवृत्तीला जी ओळ समजत नाही ती बॉक्स सोडून देतो आणि पुढे जातो. बॉक्स सुरू होतो, इंटरनेट चालतं, सगळे खूश होतात. आठवड्याने कळतं की एका शाखेचा टनेल (व्हीपीएनची वाट) उभाच राहिलेला नाही किंवा एक पॉलिसी (कोणाला कुठे जाऊ द्यायचं याचा नियम) गायब आहे. त्यापेक्षा आधी बॉक्स जुन्या आवृत्तीवर आणा, कॉन्फिग चढवा, सगळं तपासा, आणि मगच कंपनीने सांगितलेल्या अपग्रेडच्या पायऱ्यांनी वर न्या. याला वेळ जास्त लागतो, पण मी हाच रस्ता धरतो.

फर्मवेअर टाकण्याची आज्ञा (टीएफटीपी म्हणजे नेटवर्कवरून फाइल पाठवण्याची साधी पद्धत; त्यासाठी लॅपटॉपची तयारी खालच्या ‘लॅपटॉप ते बॉक्स रस्ता’मध्ये आहे):

एक्झिक्यूट रिस्टोअर इमेज टीएफटीपी इमेज.आउट १९२.१६८.१.१०

फाइलचं नाव तुमच्या फाइलप्रमाणे. खालच्या आवृत्तीवर जाताना बॉक्स इशारा देतो की सेटिंग जाऊ शकतात. नव्या बॉक्सवर जाण्यासारखं काही नाही, तेव्हा हो म्हणा. फोर्टिनेटच्या संकेतस्थळावरून फर्मवेअर उतरवायला चालू करार असलेलं खातं लागतं, म्हणून ती फाइल बॅकअपच्या शेजारीच ठेवलेली बरी. इंटरनेट बंद असताना ती उतरवणार कुठून?

बॉक्स सुरूच होत नसेल तर चालू होताना कन्सोलवर एखादी कळ दाबून बूट मेनूत जा आणि तिथून टीएफटीपीने फर्मवेअर घ्या. तो सर्व्हरचा पत्ता १९२.१६८.१.१६८ आणि स्वतःचा १९२.१६८.१.१८८ असा सुचवतो. तेच राहू द्या आणि लॅपटॉपला १६८ चा पत्ता द्या. केबल कोणत्या पोर्टात लावायची ते पडद्यावरच लिहून येतं. शेवटी फर्मवेअर कसं साठवायचं विचारतो, तेव्हा ‘डी’ म्हणजे डीफॉल्ट.

लॅपटॉप ते बॉक्स रस्ता

६०एफच्या आतल्या पोर्टांचा पत्ता कारखान्यातून १९२.१६८.१.९९ असतो. लॅपटॉपला १९२.१६८.१.१० द्या, मास्क २५५.२५५.२५५.०, आणि केबल थेट लावा. मध्ये कार्यालयाचा स्विच नको. टीएफटीपीत पासवर्ड नाही की एन्क्रिप्शन नाही, आणि या फाइलमध्ये तुमच्या नेटवर्कचा पूर्ण नकाशा आहे.

पोर्टाला पत्ता नसेल किंवा वेगळा असेल तर:

कॉन्फिग सिस्टम इंटरफेस
एडिट इंटर्नल
सेट आयपी १९२.१६८.१.९९ २५५.२५५.२५५.०
सेट अलाउॲक्सेस पिंग एचटीटीपीएस एसएसएच
एंड

विंडोजवर टीएफटीपीडी६४ हा छोटा प्रोग्राम पुरतो. लिनक्सवर टीएफटीपीडी-एचपीए बसवलं की फाइल एसआरव्ही फोल्डरातल्या टीएफटीपी फोल्डरात ठेवायची. फाइलचं नाव छोटं ठेवा, मध्ये मोकळी जागा नको. आता बॉक्सवरून:

एक्झिक्यूट पिंग १९२.१६८.१.१०

उत्तर आलं नाही तर दहातल्या नऊ वेळा लॅपटॉपचीच फायरवॉल आडवी आलेली असते. टीएफटीपीची पहिली विनंती यूडीपीच्या पोर्ट क्रमांक ६९ वर जाते, पण प्रत्यक्ष फाइल दुसऱ्याच पोर्टवरून वाहते. म्हणून एका पोर्टाऐवजी त्या प्रोग्रामलाच परवानगी द्या. पिंग चालतं आणि फाइल तरी येत नाही, असं असेल तर लॅपटॉपवरून बॉक्समध्ये एसएसएचचं (नेटवर्कवरून कमांड लाइन देणाऱ्या पद्धतीचं) दुसरं सत्र उघडा आणि तिथे हे चालवून ठेवा:

डायग्नोज स्निफर पॅकेट एनी 'पोर्ट ६९' ४

विनंती बाहेर पडताना दिसली, म्हणजे बॉक्सने आपलं काम केलं. दोष लॅपटॉपच्या बाजूला शोधा: सर्व्हर चालू आहे का, फाइल त्याच फोल्डरात आहे का, नावात अक्षर चुकलं का.

टीएफटीपी जमतच नसेल तर पेन ड्राइव्ह घ्या. तो फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला हवा. बॉक्सला लावून ‘एक्झिक्यूट यूएसबी-डिस्क लिस्ट’ म्हणा, फाइल दिसली की पुढची आज्ञा यूएसबीची द्या. आणि दूरच्या बॉक्सवर, मध्ये दुसऱ्यांचं नेटवर्क असताना, मी एससीपी (एन्क्रिप्शन असलेली फाइल पाठवण्याची पद्धत) वापरतो. आधी बॉक्सवर ‘कॉन्फिग सिस्टम ग्लोबल’मध्ये ‘सेट ॲडमिन-एससीपी एनेबल’, मग लॅपटॉपवरून:

एससीपी मुख्य.कॉन्फ ॲडमिन@१९२.१६८.१.९९:एफजीटी-रिस्टोअर-कॉन्फिग

चढवणे

आज्ञा देण्याआधी इंटरनेटच्या आणि कार्यालयाच्या बाकी सगळ्या केबल काढा. कॉन्फिग चढताच हा बॉक्स जुन्या पत्त्यांवर उभा राहणार आहे. जुना बॉक्स अर्धवट जिवंत असेल तर दोघं एकाच पत्त्यावर भांडतील आणि नेमका दोष कुठे आहे हे कळणार नाही.

एक्झिक्यूट रिस्टोअर कॉन्फिग टीएफटीपी मुख्य.कॉन्फ १९२.१६८.१.१०

फाइल कुलूपबंद असेल तर त्याच ओळीच्या शेवटी तिचा पासवर्ड. पेन ड्राइव्हसाठी:

एक्झिक्यूट रिस्टोअर कॉन्फिग यूएसबी मुख्य.कॉन्फ

बॉक्स सांगतो की चालू सेटिंग पुसली जातील आणि रीबूट होऊ शकतो. ‘वाय’ दाबा. फाइल मिळाली, तपासली, असे संदेश येतात आणि तो स्वतःच रीबूट होतो. या काळात वीज जाता कामा नये. यूपीएसवर लावलेला नसेल तर आधी लावा.

फाइल तपासणीतच नाकारली गेली तर पहिल्या ओळीतलं मॉडेल बघा. दुसऱ्या मॉडेलची फाइल बॉक्स घेत नाही. पहिल्या ओळीतलं मॉडेलचं नाव बदलून ती गळी उतरवणारे लोक मी पाहिले आहेत. मी तसं करत नाही. पोर्टांची नावं जुळत नाहीत, आणि नाव न जुळलेल्या पोर्टावर टेकलेली प्रत्येक पॉलिसी, रूट (डेटाने कुठून जायचं ती वाट) आणि टनेल त्याच्यासोबत पडतो. मॉडेल बदललं असेल तर फाइल शेजारी उघडून एकेक भाग हाताने डकवा: आधी इंटरफेस, मग पत्ते आणि सेवा, मग व्हीपीएन, रूट, आणि सगळ्यात शेवटी पॉलिसी, कारण पॉलिसी बाकी सगळ्यांची नावं घेते. डकवताना कन्सोलऐवजी एसएसएच वापरा. ९६०० च्या गतीवर मोठा मजकूर टाकला की मधली अक्षरं गळतात.

बॉक्स शाबूत आहे पण कोणाच्या तरी बदलाने बिघडला आहे, अशा वेळी बाहेरची फाइल लागतेच असं नाही. ‘एक्झिक्यूट रिव्हिजन लिस्ट कॉन्फिग’ म्हटलं की बॉक्समध्येच साठवलेल्या जुन्या प्रती, असल्या तर, तारखेसह दिसतात. हवी ती अशी परत येते:

एक्झिक्यूट रिस्टोअर कॉन्फिग फ्लॅश १२

१२ च्या जागी यादीतला क्रमांक. चालू बॉक्सवर व्हीडॉम असतील तर आधी ‘कॉन्फिग ग्लोबल’मध्ये जावं लागतं. आणि चालू बॉक्सवर काहीही चढवण्याआधी त्याच्या आताच्या बिघडलेल्या कॉन्फिगचाही बॅकअप घ्या. बिघाड नेमका काय होता हे नंतर तिथेच सापडतं.

जोडीने चालणाऱ्या दोन बॉक्सांपैकी एक बदलायचा असेल तर हा मार्गच वापरू नका. चालू बॉक्सची पूर्ण कॉन्फिग नव्यावर चढवली तर दोघंही स्वतःला मुख्य समजू शकतात. नव्यावर तेच फर्मवेअर टाका, फक्त एचएची (जोडीने चालण्याची) सेटिंग द्या, प्राधान्य चालू बॉक्सपेक्षा कमी ठेवा, ओव्हरराइड (मुख्यपद आपणहून घेण्याची सोय) बंद ठेवा आणि मग केबल जोडा. बाकी सगळं तो चालू बॉक्सकडून स्वतः उचलतो. ‘डायग्नोज सिस एचए चेकसम क्लस्टर’मध्ये दोघांचे आकडे सारखे दिसले की झालं.

चढल्यावर

जुन्या ॲडमिन पासवर्डने आत जा. इतर काही करण्याआधी ही आज्ञा:

डायग्नोज डीबग कॉन्फिग-एरर-लॉग रीड

फाइलमधल्या ज्या ओळी बॉक्सने नाकारल्या त्या इथे एकेक करून दिसतात. पडदा रिकामा आला तर उत्तम. ओळी दिसल्या तर प्रत्येक ओळ वाचा, आणि ती का नाकारली हे कळेपर्यंत पुढे जाऊ नका. मला विचाराल तर या संपूर्ण कामातली सगळ्यात मोलाची आज्ञा हीच, आणि सगळ्यात जास्त वगळली जाणारीही.

त्यानंतर ताजा बॅकअप घेऊन जुन्या फाइलशी तुलना करा. ‘ईएनसी’ असलेल्या ओळी वेगळ्या दिसतील. त्याने घाबरू नका, तोच पासवर्डही प्रत्येक बॅकअपमध्ये वेगळ्या अक्षरांत उतरतो. त्या सोडून दुसरा फरक असेल तर तो तपासायचा.

मग घड्याळ. कपाटात पडून असलेल्या बॉक्सची वेळ चुकलेली असते आणि चुकलेल्या वेळेवर प्रमाणपत्रं अवैध ठरतात. ‘एक्झिक्यूट डेट’ आणि ‘एक्झिक्यूट टाइम’ने बघा आणि दुरुस्त करा.

आता इंटरनेटची केबल लावा. पत्ता, गेटवे, सगळं बरोबर असून इंटरनेट येत नसेल तर पुरवठादाराला फोन करा. आपल्याकडे अनेक केबल इंटरनेटवाले जोडणी मॅक पत्त्याला (पोर्टाला कारखान्यातून मिळालेल्या ओळख क्रमांकाला) बांधून ठेवतात, आणि नव्या बॉक्सचा मॅक पत्ता नवा असतो. त्यांना नवा पत्ता नोंदवायला सांगा. रात्रीची वेळ असेल आणि तिकडे कोणी फोन उचलत नसेल, तर त्या इंटरफेसवर ‘सेट मॅकॲडर’ने जुना मॅक पत्ता देता येतो. तो जुन्या बॉक्सच्या तळाच्या चिकटपट्टीवर किंवा मोडेमच्या नोंदीत मिळतो.

‘गेट राउटर इन्फो राउटिंग-टेबल ऑल’ने रूट आणि ‘गेट व्हीपीएन आयपीसेक टनेल समरी’ने टनेल बघा. परवाने फाइलमध्ये नसतात, ते सीरियल क्रमांकाला बांधलेले असतात. नव्या क्रमांकावर वर्ग झाल्याची खात्री करून ‘एक्झिक्यूट अपडेट-नाऊ’ द्या. बॉक्स फोर्टिमॅनेजरखाली (अनेक बॉक्स एका जागेवरून सांभाळणाऱ्या प्रणालीखाली) असेल तर तिथेही नवा सीरियल क्रमांक द्यावा लागतो, नाहीतर तो नव्या बॉक्सला ओळखत नाही.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. डीएचसीपीने (यंत्रांना आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेने) कोणाला कोणता पत्ता दिला होता ही यादी कॉन्फिगमध्ये नसते. राखून ठेवलेले पत्तेच फक्त असतात. म्हणून दुसऱ्या दिवशी एखादा प्रिंटर नव्या पत्त्यावर जातो आणि छपाई थांबते. त्या पतसंस्थेत पासबुक छापणारा प्रिंटर असाच हरवला होता. कामाच्या यंत्रांचे पत्ते आधीच राखून ठेवा.

यानंतर दूरवरून किरकोळ दुरुस्त्या करायच्या असतील तर ‘कॉन्फिग सिस्टम ग्लोबल’मध्ये ‘सेट सीएफजी-सेव्ह रिव्हर्ट’ आणि ‘सेट सीएफजी-रिव्हर्ट-टाइमआउट ६००’ लावा. बदल करताना स्वतःचीच वाट बंद झाली तर ठरलेल्या वेळेनंतर बॉक्स मागच्या कॉन्फिगवर जातो. बदल पटला की ‘एक्झिक्यूट सीएफजी सेव्ह’.

काम संपताना नवा बॅकअप:

एक्झिक्यूट बॅकअप कॉन्फिग टीएफटीपी मुख्य-नवी.कॉन्फ १९२.१६८.१.१० पासवर्ड

लॅपटॉपवरची उघडी फाइल आणि टीएफटीपी सर्व्हर दोन्ही काढून टाका. त्या पतसंस्थेच्या तिजोरीत आता एक बंद पाकीट असतं. त्यात ॲडमिनचा पासवर्ड, बॅकअपच्या फाइलचा पासवर्ड, फर्मवेअरची आवृत्ती आणि एक पेन ड्राइव्ह. दर तीन महिन्यांनी मी पाकीट उघडतो, कपाटातल्या जादा बॉक्सवर ती फाइल चढवून बघतो, आणि नवी तारीख लिहून पाकीट परत शाखाधिकाऱ्यांच्या हातात देतो.